चार किलो सातशे

१२ डिसेंबर १९९९

गिरणीत आज भाताची आवक कमी. दुपारी काट्यावर कोणी नव्हतं म्हणून गिटार ठेवून बघितली. चार किलो सातशे. पट्टा काढून एकदा, पट्ट्यासकट एकदा. मालक म्हणाले, "वसंता, तांदूळ किती निघल त्यातून?" हसलो, पण बरं वाटलं. रोज दुसऱ्यांची पोती तोलतो, आज स्वतःचं काहीतरी तोललं.

उद्या दत्तामास्तरांकडे बाळारामची गिटार ऐकायची आहे. बेंजो पार्टी मास्तरांची, हातगाडी त्यांची, स्पीकर त्यांचे, त्यामुळे शब्दही त्यांचाच. पार्टीत गिटार एकच आणि ती नऊ वर्षं माझी. आता मास्तरांच्या डोक्यात आलंय की वैशाखरे गावच्या बाळारामला घ्यावं. बाळाराम सुतारकाम करतो. कल्याणला फर्निचरच्या कारखान्यात होता तेव्हा गिटार शिकला. माझ्यापेक्षा चांगली वाजवतो, हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

मागच्या पावसाळ्यात आला आणि जुन्या वर्तमानपत्रावर माझ्या गिटारचा आकार पेन्सिलीने काढून घेऊन गेला. मीच काढू दिला. वाटलं, काय करणार आहे. त्याने पांगाऱ्याची केली. कुंपणाला लावतात तो पांगारा. मान तेवढी सागाची. म्हणे दोन किलो तीनशे भरते.

दोन किलो तीनशेला गिटार म्हणायचं की खेळणं, ते उद्या कळेल.

१३ डिसेंबर

झालं. मा.नी (मास्तरांनी) दुसरी निवडली. बाळाराम चारच्या गाडीने परत गेला. पार्टीत मीच. खांदा ठीक.

१५ डिसेंबर

परवा अर्धवट लिहून वही मिटली. निदान इथे तरी पूर्ण लिहायला हवं.

ठरलं होतं ते असं. दोन्ही गिटारी मा.च्या माजघरात, एकाच अ‍ॅम्प्लिफायरला, चाल एकच, वाजवणार मी. बाकी सगळे बाहेर ओटीवर, म्हणजे डोळ्यांना काही दिसणार नाही, कानांनीच ठरवायचं. कल्पना बाळारामची. "दोनी वसंतालाच वाजवू दे. म्हंजे हाताचा फरक नको," असं तोच म्हणाला. त्याची बायको यमुनावहिनी शहापूरचा बाजार करून आली होती, ती पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

आधी माझी वाजवली, मग त्याची. त्याची गळ्यात घातली तेव्हा क्षणभर वाटलं, पट्टा सुटला की काय, इतकं खांद्यावर काहीच नव्हतं. आणि आवाज. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो की लाकूड जड तर सूर लांब टिकतो. पांगाऱ्याचाही टिकत होता. मोकळा होता, गोड होता. चाल संपवायची ती मी थोडी लांबवली, कारण मजा येत होती.

बाहेरून वहिनीचा आवाज आला, "ही आपली." सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "आता वहिनीला इचारून पार्टी चालवायची काय."

मग मा. ओरडले, "दुसरी भारी. खणखणीत हाय. जडवाली ना रे ही, वसंता?"

मी म्हणालो, "होय."

एक शब्द. त्याआधी विचार केला असं म्हणता येत नाही आणि केला नाही असंही म्हणता येत नाही. बाहेर आलो तर बाळाराम मान हलवत होता. "खरं हाय," म्हणाला, "माझ्या पन कानाला दुसरीच बरी लागली. वजनाचा फरक पडतोच." मग स्वतःची गिटार काखेत मारून निघाला. वहिनीने पिशवी उचलली. जाताना एकदा माजघराच्या दाराकडे बघितलं.

लाज वाटते. लिहिल्यावर कमी होईल असं वाटलं होतं.

२३ डिसेंबर

मा.ना सांगायला गेलो होतो. खरंच त्याच कामाला गेलो. ते लग्नाच्या सुपाऱ्यांची यादी करत बसले होते. म्हणाले, "बरा आलास. या सीझनला मी मायकवर तुझ्या गिटारचं वजनच सांगनार. लोकांना आकडा आवडतो." चहा घेतला. परत आलो.

१८ फेब्रुवारी २०००

किन्हवलीच्या बाजूला लग्न. मा.नी नवीन खेळ काढलाय. वरात निघायच्या आधी मायकवर: "चार किलो सातशे. आमचा वसंता चार तास उभा राहून वाजवतो. कोन हाय मंडळीत, एका हातात आडवी धरून दाखवा, मी दहा मोजतो." नवऱ्याचा मामा पुढे आला. सहाला हात खाली. मांडव हसला. मग एक पैलवानासारखा होता तो, नऊला खाली. शेवटी मी गळ्यात घातली आणि टाळ्या पडल्या.

वाजवायच्या आधीच टाळ्या. नऊ वर्षांत वाजवून झाल्यावर एवढ्या मिळाल्या नाहीत.

खांदा घरी येऊन शेकला. बायको, नंदा, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून देते आणि तवा आपटते.

१९ फेब्रुवारी

मी त्या दिवशी "नाही, ही पांगाऱ्याची" म्हणालो असतो तर काय झालं असतं? मा.नी बाळारामला घेतलं असतं. मला काढलं नसतंही, दोन गिटारी ठेवल्या असत्या. किंवा काढलं असतं. गिरणीतला वसंता म्हणून राहिलो असतो, शहापुरात असे गिरणीतले पुष्कळ आहेत. याची भीती वाटली म्हणून एका माणसाला त्याच्याच कानांबद्दल खोटं सांगितलं. दुसरं कारण शोधूनही सापडत नाही.

९ मे २०००

मुरबाडच्या बाजारात बाळाराम भेटला. बिजागऱ्या घेत होता. टाळावं म्हणेपर्यंत त्यानेच हाक मारली. उसाचा रस पाजला.

म्हणाला, मुरबाडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने तशाच हलक्या दोन गिटारी मागितल्या होत्या. "त्याची पाठ धरते. मी नाय बोललो. आवाज कमी हाय ते म्हायती असून मानसाला कशाला फसवायचं."

मी विचारलं, लाकूड तर तयार होतं ना?

"फळ्या होत्या चार. न्हाणीच्या चुलीत घातल्या. पांगारा नीट जळत पन नाय, नुस्ता धूर." आणि हसला.

मी पण हसलो. हसलो हे लिहून ठेवतो.

गिटार वाजवतोस की नाही, हे विचारायची छाती झाली नाही.

२१ नोव्हेंबर २०००

डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे. आधी वाटलं, झोपताना हाताखाली आलं असेल. आठ दिवस झाले. तार दाबली गेली की नाही ते बोटाला कळत नाही, कानाला कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. गिरणीत पावत्या उजव्या हाताने लिहायच्या म्हणून तिथे कोणाला पत्ता नाही.

मा.ना सांगितलं नाही. पट्ट्याखाली टॉवेलची घडी ठेवतो.

१४ जून २००१

सीझन कसाबसा काढला. मे महिन्यात दोन वराती अशा वाजवल्या की निम्मे सूर मी नुसते दाबल्यासारखे केले. बेंजोच्या आवाजात खपून गेलं.

आज नंदाने ओढून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मान वळवून बघितली, हात वर करायला लावला.

"खांद्यावर काय वाहता?"

"गिटार."

"किती जड?"

आकडा सांगताना छाती पुढे आली. सवय. डॉक्टर म्हणाले, नस दबते आहे, आता वजन सोडा, नाहीतर हातच वाजवायचं सोडेल. नंदा म्हणाली, "आयकलंत ना?"

खरं काय ते इथे लिहितो. वजनाने सूर वाढतो की नाही हे मला त्या तेरा डिसेंबरला कळलं. पण वजनाने माणूस वाढतो. जड गिटार गळ्यात असली की पाय जमिनीत रोवल्यासारखे राहतात, गर्दीचा धक्का लागला तरी हलत नाही, आपण काहीतरी मोठं काम करतोय असं वाटतं. नऊ-दहा वर्षं ते वाटणंच मी आवाज म्हणून सांगत आलो.

८ जुलै २००१

वैशाखऱ्याला गेलो. सरळगावला बस बदलली. घरी पोचलो तेव्हा दोघं लावणीवरून आले होते, पोटऱ्यांपर्यंत चिखल. वहिनीने पाणी दिलं.

गिटार भाताच्या कणगीवर खुंटीला टांगलेली. वर जुनी चादर.

खांद्याचं सांगितलं. म्हटलं, घरी रियाजाला दे. जड झेपत नाही, हाताची सवय मोडायला नको. बाळाराम लगेच उठला. चादर काढून पुसली, तारा गंजल्या होत्या त्या बघून ओशाळला. पट्ट्याला टोच्याने एक भोक पाडलं. "अंग हलका, मान जड. हात सोडलास तर मान खाली जाते हिची. ह्या पुढच्या भोकात घालत जा, म्हंजे बराबर राहील." दीड वर्षात त्याने तिला हात लावला नव्हता, तरी हे सगळं त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, काय देऊ? तो म्हणाला, "हितं टांगून काय करू. न्हे."

वहिनी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "घरीच वाजवनार ना?"

"हो, घरीच."

"मंग न्या."

तेव्हा सांगता आलं असतं. तिघंच होतो, बाहेर पाऊस, जायची घाई कोणाला नव्हती. मी काय केलं तर तिला दुसऱ्यांदा खोटं सांगितलं. गिटार प्लास्टिकच्या गोणीत गुंडाळून छातीशी धरून आणली. बसमध्ये मांडीवर ठेवली तर आहे की नाही कळत नव्हतं.

५ ऑगस्ट २००१

रंगवली. माझ्यासारखी लाल, कडेला काळी. आकार माझ्याच गिटारवरून काढलेला, तेव्हा फरक राहिलाच नाही. आवाजाची बटणं जुनीची काढून हिला लावली. मानेच्या मागे सागात एक गाठ आहे, अंगठा जातो तिथे, ती तशीच ठेवली. तिच्यावर रंग बसेना.

गणपतीपर्यंत फक्त. हात बरा झाला की जुनी घेणार. असं ठरवलंय.

१२ ऑगस्ट २००१

नंदाने पकडलं. कपाटाच्या आरशासमोर मी गिटार उचलायचा सराव करत होतो. खाली वाकताना गुडघे दुमडायचे, उचलताना दात आवळायचे, गळ्यात घातल्यावर खांदा एकदा खाली सोडायचा. गिरणीतल्या हमालांचं बघून बसवलं. ते खरे सत्तर किलो उचलतात.

"तुमी कन्हताय कोनासाठी?" ती दारातून म्हणाली.

मी म्हटलं, सराव.

"कसला गो बाई सराव," स्वतःशीच म्हणत आत गेली. नंतर भाकऱ्या थापताना हसत असल्याचा आवाज आला. मग हसणं थांबलं. जेवताना विचारलं, "बाळारामभाऊंना म्हायती हाय?" मी भात मागितला.

३ सप्टेंबर २००१

गणपतीत तीन विसर्जनं वाजवली. कोणाला काहीही कळलं नाही. कोणालाही नाही. दहा वर्षं माझ्या शेजारी ढोलकी वाजवणाऱ्यालाही नाही.

बोटं परत आली आहेत. करंगळीला तार टोचते, ते टोचणंसुद्धा चांगलं वाटतं.

मा. म्हणाले, "गिटारचा आवाज आता बसलाय बघ. जड लाकूड जुना झाला की असाच बोलतो." मी मान डोलावली.

उचलायचा खेळ बंद करवला. मा.ना सांगितलं, लोकांच्या हातात गेली की सूर उतरतो. त्यांना पटलं. गिटारच्या बाबतीत त्यांना माझं सगळं पटतं. आकडा मात्र अजून सांगतात, चार किलो सातशे. मी तेव्हा खांदा खाली सोडतो.

एकदा चहा पिताना चुकून दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. ढोलकीवाल्याने बघितलं. मग मी उगाच खांदा चोळला.

१६ डिसेंबर २००१

बरोबर दोन वर्षं आणि तीन दिवस.

मा.कडे पडघ्याचा एक गिटारवाला काम मागायला आला. त्याच्याकडे बाजारातली हलकी गिटार. मा. त्याला म्हणाले, "आमच्यात अशी चालत नाय. एकदा परीक्षा झालेली हाय. वैशाखऱ्याचा मिस्त्री आलेला पांगाऱ्याची घेऊन. मी बाहेर ओटीवर बसून आयकली, कान सांगतो ना. वसंता, दाखव त्याला तुझी." आणि मी बाळारामची गिटार बाळारामच्या विरुद्ध पुरावा म्हणून वाजवून दाखवली. पडघ्याचा माणूस म्हणाला, "हां, फरक पडतो."

जुनी जड गिटार पलंगाखाली आहे. हात बरा झालाय. परत घ्यायची म्हणून काल बाहेर काढली. अर्ध्या तासात करंगळी गेली. परत पलंगाखाली.

गिटार परत द्यायची म्हटलं तर माझी बोटं जातात. ठेवायची तर बाळारामचं सगळं माझ्याकडे राहतं, गिटार आणि तो "दुसरी भारी" पण.

२० जानेवारी २००२

सुपारी आली. वैशाखरे, सतरा फेब्रुवारी. बाळारामच्या पुतण्याचं लग्न. मा. खुशीत. "त्याच्याच गावात आपली पार्टी. मनात काय ठेवला नाय गड्याने, बघ."

आजारी पडावं का?

१६ फेब्रुवारी २००२

चार दिवस जड गिटारवर सराव केला. बाळारामसमोर निदान माझी गिटार माझ्या गळ्यात असावी. आज संध्याकाळी वाटी हातातून पडली. उद्या दोन तासांची वरात आहे.

हलकीच नेतो. लाल रंगात ओळखणार नाही. काका आहे, कामात असेल, स्वयंपाकाकडे, पाहुण्यांकडे. आमच्याकडे कुठे बघतोय.

१७ फेब्रुवारी २००२

लिहायलाच हवं.

मांडवात पोचलो तेव्हा दुपारचं जेवण उठत होतं. बाळाराम धावत आला, मला मिठी मारली, गिटार मध्ये आली. त्याला काही कळलं नसावं. खांदा कसा आहे, विचारलं. म्हटलं, बरा. "घरी वाजवतोस ना त्याच्यावर?" म्हटलं, हो, रोज.

वरात निघायच्या आधी मा.नी माईक घेतला. चार किलो सातशे झालं. मला वाटलं, संपलं. पण आज त्यांना जोर चढला होता. म्हणाले, "आज जुना खेळ करू. मिस्त्री, बाळाराम, इकडं या. तुमी पन गिटार केली होती ना. आता खरी कशी असते ती हातात घेऊन बघा. मी दहा मोजतो."

गाव हसलं. चेष्टेचं हसणं, वाईट नव्हतं. बाळारामही हसत पुढे आला, पंच्याला हात पुसत. मी म्हटलं, "मास्तर, सूर उतरंल." मा. म्हणाले, "उतरू दे."

पट्टा गळ्यातून काढला. मला आठवत नाही मी कण्हण्याचं नाटक केलं की नाही. त्याच्या हातात दिली.

त्याचा अंगठा मानेच्या मागे गेला, त्या गाठीवर. तिथेच थांबला. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. दोन किलो तीनशे. दिवसभर रंधा मारणारा हात आहे तो, पन्नासपर्यंत मोजलं असतं तरी हलला नसता.

त्याने हात सरळ केला. मा. मोजायला लागले. तीनला त्याचं मनगट थरथरलं. पाचला कोपर वाकलं. सातला त्याने दोन्ही हातांनी गिटार पोटाशी घेतली आणि म्हणाला, "नाय बाबा. जड हाय."

टाळ्या, शिट्ट्या. मा. म्हणाले, "बघा. सुताराचा हात पन हरला."

त्याने स्वतः पट्टा माझ्या गळ्यात घातला. घालताना कानाशी हळूच म्हणाला, "पुढच्या भोकात घाल. मान खाली जाते."

वहिनी बायकांमध्ये उभी होती. नवऱ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. गिटारकडे बघत होती.

वाजवली. दोन तास वाजवली. चांगली वाजली, हे सगळ्यात वाईट.

१८ फेब्रुवारी

तो मला उघडं पाडू शकला असता. दहाच्या पुढे नुसती धरून ठेवायची होती, दुसरं काही करायलाच नको होतं. त्याच्या अंगणात, त्याच्या माणसांसमोर तो हरला, माझी अब्रू राहावी म्हणून. आणि त्याला अजून वाटतंय की मी फक्त खांद्याचं लपवलं. दुसरी कुठली होती ते त्याला ठाऊकच नाही.

अर्धवट माहितीवर त्याने मला माफ केलंय. ती माफी ठेवून घेता येत नाही.

२५ फेब्रुवारी

नंदाला सगळं सांगितलं. त्या तेरा डिसेंबरपासून सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग हाय."

१० मार्च २००२

वैशाखरे. बाळारामच्या ओटीवर बसून लिहितोय. वही बरोबर आणली, का ते माहीत नाही.

दोन्ही गिटारी घेऊन आलो. दोन्ही खांद्यांना एकेक. सरळगावला कंडक्टर म्हणाला, दोन कशाला हो, हात तर दोनच. हसलो नाही.

बाळाराम अंगणात चौकटीला रंधा मारत होता. मी आधी ठरवलं होतं की त्याला बाहेर बसवायचं आणि आत जाऊन दोन्ही परत वाजवायच्या, तशाच, आणि मग आतून ओरडून खरं सांगायचं. इथे आल्यावर ते तमाशासारखं वाटलं. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तरांकडे त्या दिवशी दुसरी वाजवली ती तुझी होती. माझी पहिली होती. मी खोटं बोललो."

रंधा थांबला. मग परत चालू झाला, दोन-तीन हात मारले, परत थांबला.

"म्हंजे माझ्या कानाला जी बरी लागली ती?"

"तुझीच."

बराच वेळ भुसा झटकत राहिला. चिडेल असं वाटलं होतं, त्याची तयारी करून आलो होतो. म्हणाला, "फळ्या जाळल्या रे मी." नंतर म्हणाला, "दोन वर्सं कोनी मला पिपाणी चांगली का वाईट इचारली तरी मी बोलायचो, मला कळत नाय."

मी म्हटलं, मास्तरांना सांगतो, उद्याच सांगतो, मायकवर सांगतो.

"मास्तरचा काय नाय मला." त्याने घराकडे मान केली. "ती बोललेली ना पायरीवरून, ही आपली. तुमी सगळे हसलात. घरी येऊन मी तिला काय बोललो म्हायती हाय? बोललो, तुला काय कळतं, चारचौघांत माझी शोभा केलीस. परवा लग्नात पन बोलली, ती गिटार आपलीच हाय. मी बोललो, गप ऱ्हा." रंधा उलटा करून ठेवला. "मला सांगितलंस ते झालं. आता तिला सांग. तुझ्या तोंडानं. मी नाय सांगनार."

वहिनी लाकडाला गेली आहे, पावसाच्या आधीची बेगमी. म्हणून बसलोय. गिटारी दोन्ही भिंतीला टेकवून ठेवल्यात. बाळारामने त्यांना हात लावलेला नाही. शेवटची बस साडेपाचला आहे, तो म्हणाला. जाऊ शकतो अजून. तो अडवणार नाही.

बांधावरून ती येताना दिसतेय. डोक्यावर भारा आहे. माझी नजर काट्याची, पंचवीस किलोच्या खाली नाही. मान ताठ, एक हात भाऱ्याला, दुसऱ्यात कोयता. बाळारामही बघतोय पण उठत नाही.

अंगणाच्या तोंडाशी आली. मला बघितलं, मग भिंतीकडे, दोन्ही गिटारींकडे. थांबली.

भारा उतरवायला दुसऱ्याचा हात लागतो. डाव्यात जोर नाही, पण उठतो. आधी तिचा भारा खाली येऊ दे.